केवडा रोगाविरुद्ध द्राक्षवेलीच्या प्रतिकारक्षमतेचे मूल्यमापन

केवडा रोगाविरुद्ध द्राक्षवेलीच्या प्रतिकारक्षमतेचे मूल्यमापन म्हणजे द्राक्षाचा एखादा वाण, संकरित रोप किंवा रानटी प्रजाती केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगाला किती प्रमाणात बळी पडते, हे ठरावीक पद्धतीने मोजण्याची प्रक्रिया होय. हे मोजमाप प्रयोगशाळेत पानांच्या चकत्यांवर, जाळीगृहातील कुंड्यांमधील रोपांवर आणि प्रत्यक्ष बागेत अशा तीन पातळ्यांवर केले जाते. गेल्या काही दशकांत वेलीच्या जनुकांची तपासणीही त्याला जोडली गेली आहे. नव्या वाणाची शिफारस करणे, पैदास कार्यक्रमासाठी पालक वेली निवडणे आणि फवारणीचे वेळापत्रक ठरवणे या तिन्ही कामांचा आधार हे मोजमाप असते.

महाराष्ट्रात या विषयाला आर्थिक महत्त्व आहे. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील बहुतेक बागा थॉमसन सीडलेस, त्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांसारख्या वाणांच्या किंवा शरद सीडलेस व तत्सम काळ्या वाणांच्या आहेत. हे सर्व व्हिटिस व्हिनिफेरा या युरेशियाई प्रजातीचे असून केवड्याला सहज बळी पडतात.

नाव

मराठी शेतीच्या भाषेत 'केवडा' हा शब्द पाने पिवळी पडणाऱ्या अनेक रोगांना लावला जातो. बाजरीवरील केवडा, ज्याला गोसावी असेही म्हणतात, आणि काकडीवर्गीय पिकांवरील केवडा हे द्राक्षावरील केवड्याच्या जवळच्या नात्यातील रोगकारकांमुळे होतात. भेंडीवरील केवडा मात्र विषाणूजन्य आहे आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. त्यामुळे 'केवडा प्रतिकारक' असे लेबल असलेल्या बियाण्याची माहिती एका पिकावरून दुसऱ्या पिकाला लावता येत नाही. द्राक्ष बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यात या रोगाला बहुतेक वेळा नुसते 'डाउनी' म्हणतात, तर पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या रोगाला 'भुरी' म्हणतात.

रोगकारक

रोगाचे कारण प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा सूक्ष्मजीव आहे. व्यवहारात त्याला बुरशी म्हटले जात असले, तरी वर्गीकरणाच्या दृष्टीने तो खऱ्या बुरशींपासून वेगळ्या अशा ऊमायसीट गटात येतो. बटाट्यावरील उशिराच्या करप्याचा रोगकारकही याच गटातला. प्लाझ्मोपारा जिवंत पेशींवरच जगतो आणि कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाही. प्रतिकारक्षमतेच्या चाचण्या महाग आणि वेळखाऊ होण्यामागे हा गुणधर्म आहे, कारण रोगकारकाचा नमुना टिकवायचा तर त्याला सतत ताज्या, निरोगी पानांवर हलवत राहावे लागते.

रात्री अंधारात, हवेत जवळजवळ संपृक्त आर्द्रता असताना, पानाच्या खालच्या बाजूने पर्णरंध्रांमधून फांद्यांसारखे तंतू बाहेर पडतात आणि त्यांवर बीजाणुधानी तयार होतात. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तर प्रत्येक बीजाणुधानीतून दोन शेपट्यांचे चलबीजाणू बाहेर येतात, पोहत पर्णरंध्रापाशी पोहोचतात, तेथे स्थिरावतात आणि आत शिरतात. द्राक्षाच्या पानाला पर्णरंध्रे खालच्या बाजूलाच असल्याने संसर्गही तेथूनच होतो. सुमारे १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान त्याला सर्वांत मानवते. त्या तापमानात आठवडाभराच्या आत पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी लव दिसू लागते. कोवळ्या घडांवर संसर्ग झाल्यास घडाचा देठ वळतो, कळ्या व मणी तपकिरी पडून वाळतात आणि संपूर्ण घड जातो.

या रोगकारकाचे मूळ उत्तर अमेरिकेत आहे. तेथील रानटी द्राक्षवेली त्याच्यासोबत दीर्घकाळ उत्क्रांत झाल्या, म्हणून त्यांपैकी अनेकींमध्ये प्रतिकारक्षमता आढळते. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या कीटकाला तोंड देण्यासाठी अमेरिकन खुंट युरोपात आणले गेले आणि त्यांच्यासोबत केवडाही पोहोचला. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची नोंद झाली. १८८५ मध्ये प्येर-मारी-अलेक्सी मियार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचा या रोगावरील उपयोग प्रसिद्ध केला. हेच आजचे बोर्डो मिश्रण, आणि ते महाराष्ट्रातील बागांमध्ये अजूनही वापरात आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

समशीतोष्ण देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. महाराष्ट्रात तसे होत नाही. येथे वर्षातून दोनदा छाटणी केली जाते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि तिच्यातून पुढील हंगामाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी होते आणि त्या फुटींवर घड येतात. पावसाळाभर वेलीवर हिरवी पाने असतात, त्यामुळे रोगकारकाला जिवंत आश्रय सतत मिळतो. फळ छाटणीनंतर फुटणारी कोवळी पालवी आणि घड नेमके परतीच्या पावसाच्या तोंडी येतात. पोंगा अवस्थेपासून फुलोऱ्यापर्यंतचे तीन-चार आठवडे बागायतदाराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या काळात द्राक्षपट्ट्यात अवकाळी पाऊस झाला आणि त्या हंगामात केवड्याने मोठे नुकसान केले. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला क्यार व महा या चक्रीवादळांच्या काळात लांबलेल्या पावसाने नाशिक जिल्ह्यातील बागांची तशीच अवस्था झाली. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या कसमादे पट्ट्यात लवकर बाजार मिळावा म्हणून पावसाळ्यातच छाटणी केली जाते, तेथे धोका आणखी आधी सुरू होतो.

अशा हंगामात फवारण्यांची संख्या वाढते, त्यासोबत मजुरी, डिझेल आणि औषधांचा खर्च वाढतो. निर्यातीच्या मालासाठी रासायनिक अवशेषांची मर्यादाही पाळावी लागते. युरोपीय बाजारासाठी नोंदवलेल्या बागांची माहिती अपेडाच्या 'ग्रेपनेट' प्रणालीत ठेवली जाते आणि काढणीपूर्वी मालाची अवशेष तपासणी होते. प्रतिकारक वाणाची खरी किंमत येथे कळते. एखादा वाण पूर्ण रोगमुक्त नसला, तरी दोन फवारण्यांमधील अंतर काही दिवसांनी वाढू देत असेल, तर त्याचा परिणाम खर्चावर आणि अवशेषांवर दोन्हीकडे दिसतो. म्हणूनच 'प्रतिकारक आहे की नाही' या प्रश्नापेक्षा 'किती प्रतिकारक आहे' हा प्रश्न बागेच्या हिशेबात अधिक उपयोगाचा ठरतो.

संकल्पना

रोगशास्त्रात काही शब्द काटेकोरपणे वेगळे केले जातात. रोगकारकाची वाढ वेल स्वतः रोखत किंवा मंदावत असेल तर ती प्रतिकारक्षमता. रोगकारक वाढतो, पण उत्पादनात फारशी घट होत नाही, तेव्हा ती सहनशीलता. वेलीत कोणताही विशेष गुण नसताना केवळ वेळेच्या योगायोगाने संसर्ग टळला, तर त्याला रोगातून सुटणे म्हणतात. शेतातील चाचणीत सर्वाधिक गफलत या तिसऱ्या प्रकारात होते. एकाच दिवशी छाटलेल्या दोन वाणांपैकी एक आठ दिवस उशिरा फुटला आणि मधल्या काळात पाऊस पडून गेला, तर उशिरा फुटलेला वाण निरोगी दिसतो. ती प्रतिकारक्षमता नव्हे. यासाठी नोंदी घेताना तारखेऐवजी वाढीची अवस्था जुळवली जाते, म्हणजे पाच पानांची अवस्था पाच पानांच्या अवस्थेशी आणि फुलोरा फुलोऱ्याशी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून महाराष्ट्रात छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात. चाचणीच्या बागेत ते सर्व वाणांना सारख्याच प्रमाणात करणे आवश्यक असते.

मराठीत आणखी एक घोळ होतो. वेलीने रोगाला केलेला प्रतिकार आणि रोगकारकाने औषधाला केलेला प्रतिकार, दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो. भारतीय बागांमधील केवड्याच्या नमुन्यांत स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधांना दाद न देणारे प्रकार आढळले आहेत. या लेखात 'प्रतिकारक्षमता' हा शब्द केवळ वेलीच्या संदर्भात वापरला आहे.

पर्णचकती चाचणी

ही प्रयोगशाळेतील सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. थोड्या जागेत, थोड्या दिवसांत शेकडो रोपे तपासता येतात आणि हवामानावर अवलंबून राहावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

चाचणीसाठी पाने निवडताना काळजी घ्यावी लागते. शेंड्याकडून साधारण तिसरे ते पाचवे पूर्ण उघडलेले पान घेतात, कारण पान जून होत जाते तसे ते स्वाभाविकपणे संसर्गाला कमी बळी पडते. एका वाणाचे कोवळे पान आणि दुसऱ्याचे जून पान घेतले तर निकाल पानाच्या वयाचा येतो. पाने औषध न फवारलेल्या रोपांची असावी लागतात. तांब्याचा अंश राहिला असेल तर चलबीजाणू पर्णरंध्रापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात आणि बळी पडणारा वाणही निरोगी दिसतो. म्हणून चाचणीची रोपे बहुधा जाळीगृहात कुंड्यांमध्ये स्वतंत्र वाढवतात.

पाने धुऊन त्यांच्या १ ते २ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या पाडतात आणि त्या खालची बाजू वर येईल अशा रीतीने ओल्या गाळणकागदावर किंवा आगरच्या थरावर मांडतात. रोगकारकाचा ताजा नमुना मिळवण्यासाठी तेलकट डाग असलेली पाने आदल्या संध्याकाळी धुऊन, जुनी लव काढून, ओलसर बंद डब्यात रात्रभर अंधारात ठेवतात. सकाळपर्यंत नवी पांढरी लव आलेली असते. ती मऊ कुंचल्याने ऊर्ध्वपातित पाण्यात उतरवून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजण्याच्या चौकटीवर बीजाणुधानींची संख्या मोजून द्रावण सारखे केले जाते. ही संख्या सामान्यतः प्रति मिलिलीटर १०,००० ते १,००,००० या दरम्यान ठेवली जाते. या द्रावणाचे थेंब चकत्यांवर ठेवतात किंवा ते बारीक तुषारांनी फवारतात. चकत्या पहिली रात्र अंधारात ठेवतात. त्यानंतर त्यांना २० ते २२ अंश तापमान आणि रोज ठरावीक तास प्रकाश दिला जातो. थेंब ठेवले असतील तर साधारण एका दिवसाने ते टिपून घेतात, नाही तर चकती कुजू लागते.

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान निरीक्षण करतात. चकतीचा किती भाग लवेने व्यापला, लव दाट आहे की विरळ, आणि संसर्गाच्या जागी काळपट मृत ठिपके आहेत का, या तीन गोष्टी पाहतात. त्यांतील तिसरी नवख्या निरीक्षकाला फसवते. चकतीवर काळे ठिपके दिसले की ती रोगट वाटते, पण अनेकदा तेच ठिपके प्रतिकाराचे लक्षण असतात. रोगकारक आत शिरताच आजूबाजूच्या पेशी स्वतःहून मरतात, आणि जिवंत पेशींवरच जगणाऱ्या रोगकारकाचे अन्न तुटते. लव नसलेला काळा ठिपका आणि लव असलेला पिवळा डाग यांत पहिला चांगला मानला जातो.

प्रत्येक वेळी थॉमसन सीडलेससारखा बळी पडणारा वाण तुलनेसाठी सोबत ठेवतात. त्याच्या चकत्यांवर भरपूर लव आली नाही, तर त्या दिवशीची संपूर्ण चाचणी रद्द समजतात, कारण दोष रोगकारकाच्या नमुन्यात किंवा वातावरणात असतो. प्रत्येक वाणाच्या निदान काही वेगवेगळ्या वेलींवरून चकत्या घेतात. एकाच पानाच्या दहा चकत्या म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत.

काही प्रयोगशाळा यापुढे जाऊन चकतीवरील बीजाणुधानी धुऊन त्यांची मोजणी करतात, किंवा छायाचित्रांवरून संगणकाद्वारे लवेचे क्षेत्रफळ काढतात. पेशींच्या पातळीवरील अभ्यासात ॲनिलीन ब्लू या रंगद्रव्याने रोगकारकाचे तंतू आणि वेलीने उभारलेले कॅलोजचे अडथळे दाखवले जातात. रेझव्हेराट्रॉल आणि त्यापासून बनणाऱ्या व्हिनिफेरिन यांसारख्या संरक्षक संयुगांचे प्रमाणही मोजले जाते.

ओआयव्ही श्रेणी

आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटना, म्हणजे ओआयव्ही, हिने वाणांच्या वर्णनासाठी क्रमांकित निकष ठरवले आहेत. त्यांपैकी ४५२ हा पानांच्या केवडा प्रतिकारासाठी, ४५२-१ हा पर्णचकतीसाठी आणि ४५३ हा घडांसाठी आहे. श्रेणी १, ३, ५, ७ आणि ९ अशा दिल्या जातात. यात १ म्हणजे अत्यल्प प्रतिकार आणि ९ म्हणजे अत्युच्च प्रतिकार.

भारतातील शेतचाचण्यांत मात्र बहुधा रोगाची तीव्रता मोजणारी श्रेणी वापरतात. तिच्यात शून्य म्हणजे निरोगी आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वाधिक रोगट. दोन्ही मोजपट्ट्या उलट दिशेच्या आहेत. एखाद्या तक्त्यात वाणापुढे नुसते '१' लिहिलेले असेल, तर तो वाण सर्वोत्तम आहे की सर्वांत वाईट, हे मोजपट्टी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. वेगवेगळ्या संस्थांचे अहवाल एकत्र वाचताना हा फरक आधी पाहणे आवश्यक असते.

बागेतील चाचणी

प्रयोगशाळेतील निकाल बागेत टिकतो का, हे पाहण्यासाठी वाणांची लागवड एकाच बागेत, एकाच मांडणीवर, प्रत्येक वाण अनेक ठिकाणी पुन्हा येईल अशा रीतीने करतात. जागांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे बागेच्या ओलसर कोपऱ्यात एकच वाण अडकत नाही. रोगाचा दाब सर्वत्र सारखा राहावा म्हणून मधल्या ओळींत बळी पडणारा वाण लावतात. चाचणीच्या वेलींवर केवड्याची औषधे फवारली जात नाहीत. भुरी व किडींसाठी फवारणी करावी लागली तर केवड्यावर परिणाम न करणारे औषध निवडतात. खासगी बागेत बागायतदाराने चाचणीसाठी काही वेली न फवारता सोडणे म्हणजे शेजारच्या ओळींनाही धोका देणे. त्यामुळे अशा चाचण्या बहुतांशी संशोधन केंद्रांच्या शिवारातच होतात.

निरीक्षणात दोन बाबी वेगळ्या नोंदवतात. किती टक्के पानांवर रोग आहे हे प्रादुर्भावाचे प्रमाण, आणि रोगट पानाचा किती भाग व्यापला आहे ही तीव्रता. दोन्हींचा मेळ घालून रोगनिर्देशांक काढला जातो. त्यासाठी सर्व पानांच्या श्रेणींची बेरीज करून तिला निरीक्षण केलेल्या पानांची संख्या आणि सर्वोच्च श्रेणी यांच्या गुणाकाराने भागतात आणि १०० ने गुणतात. उदाहरणार्थ, ० ते ४ या मोजपट्टीवर ५० पाने तपासली. त्यांपैकी १० पाने निरोगी, १५ पाने श्रेणी १, १२ पाने श्रेणी २, ८ पाने श्रेणी ३ आणि ५ पाने श्रेणी ४ ची निघाली. बेरीज ८३ होते. ८३ ला २०० ने भागून १०० ने गुणल्यास रोगनिर्देशांक ४१.५ येतो.

एकाच दिवसाचा निर्देशांक अपुरा असतो. समजा, दोन वाणांवर चौदाव्या दिवशी ४० टक्के रोग आहे. पहिल्या वाणावर सातव्या दिवशी तो १० टक्के होता, दुसऱ्यावर ३० टक्के. शेवटचा आकडा सारखा असला तरी पहिल्या वाणाने बागायतदाराला फवारणीसाठी वेळ दिला, दुसऱ्याने दिला नाही. हा फरक पकडण्यासाठी रोगवाढीच्या आलेखाखालील क्षेत्रफळ काढतात. शून्यापासून सुरुवात धरल्यास वरील उदाहरणात पहिल्या वाणाचे क्षेत्रफळ २१० आणि दुसऱ्याचे ३५० येते. अंशतः प्रतिकारक वाण ओळखण्यासाठी हे मोजमाप विशेष उपयोगी आहे.

कोरड्या वर्षात घेतलेली चाचणी फारसे काही सांगत नाही. सर्व वाण निरोगी दिसतात. त्यामुळे निदान दोन-तीन हंगामांच्या नोंदी घेतात आणि पाऊस, पाने ओली राहण्याचा कालावधी व तापमान यांची आकडेवारी त्यांना जोडतात.

पान आणि घड

पानांचा प्रतिकार आणि घडांचा प्रतिकार नेहमी सारखा नसतो. कोवळ्या मण्यांवर कार्यक्षम रंध्रे असतात आणि त्यांतून संसर्ग होतो. मणी वाढतो तशी ही रंध्रे बंद होत जातात आणि फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांत मणी थेट संसर्गापासून बऱ्यापैकी सुरक्षित होतो. मण्यांचे व घडांचे देठ मात्र त्यापेक्षा अधिक काळ बळी पडू शकतात, आणि देठातून रोगकारक मण्यात जाऊ शकतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब केंद्रस्थानी यायला हवी. परतीचा पाऊस बहुतेक वेळा घड बाहेर पडण्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या काळात येतो. उत्पन्न घडातून मिळते, पानातून नव्हे. तरीही उपलब्ध मूल्यमापनाचा मोठा भाग पानांवर, त्यातही चकत्यांवर आधारलेला आहे, कारण पाने वर्षभर मिळतात आणि घड वर्षातून काही दिवसच योग्य अवस्थेत असतात. बियांपासून वाढवलेल्या संकरित रोपाला घड येण्यास काही वर्षे लागतात, तोवर त्याची निवड पानांवरूनच करावी लागते. पर्णचकती चाचणी ही पहिली चाळणी आहे. घडांची चाचणी झाल्याशिवाय वाणाला प्रतिकारक म्हणणे घाईचे ठरते.

जनुकीय आधार

केवडा प्रतिकाराशी संबंधित गुणसूत्रांवरील जागांना 'आरपीव्ही' या मालिकेत क्रमांक दिले जातात. आरपीव्ही१ ही १२ व्या गुणसूत्रावरील जागा अमेरिकेतील मस्कॅडिन द्राक्षापासून आली. तिच्या शेजारीच भुरीला प्रतिकार करणारे जनुकही आहे. १८ व्या गुणसूत्रावरील आरपीव्ही३ अमेरिकन प्रजातींपासून, तर आरपीव्ही१० आणि आरपीव्ही१२ या जागा पूर्व आशियातील व्हिटिस अमुरेन्सिस या प्रजातीपासून मिळाल्या. व्हिनिफेरा ही पूर्णपणे प्रतिकारहीन प्रजाती मानली जात असे. परंतु जॉर्जिया देशातील म्गालोब्लिश्विली या व्हिनिफेरा वाणात प्रतिकार आढळल्याने ती समजूत काहीशी बदलली आहे.

या जागांशी निगडित डीएनए चिन्हकांच्या साहाय्याने रोप लहान असतानाच त्यात प्रतिकाराची जागा आली आहे का, हे तपासता येते. चिन्हक असणे म्हणजे प्रतिकार असणे नव्हे. रोपाच्या उर्वरित जनुकीय पार्श्वभूमीचा परिणाम होतो, म्हणून चिन्हकावरून निवडलेली रोपेही पुढे चकती आणि बाग या दोन्ही चाचण्यांतून जातात.

रोगकारकाची विविधता

मूल्यमापनाचा निकाल कोणत्या रोगकारकाविरुद्ध घेतला, यावरही तो अवलंबून असतो. बियांका या हंगेरियन वाणाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचा प्रतिकार आरपीव्ही३ वर आधारलेला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रतिकाराला न जुमानणारे प्लाझ्मोपाराचे नमुने युरोपात आढळल्याचे दाखवण्यात आले. त्याच वाणाच्या त्याच पानावर एका नमुन्याने काळे ठिपके आणि दुसऱ्याने दाट लव येत होती. एकाच नमुन्यावर चाचणी केली असती, तर निष्कर्ष नमुन्याच्या निवडीवर ठरला असता.

यामुळे चाचणीसाठी वेगवेगळ्या भागांतील नमुने घेण्याची पद्धत आहे. महाराष्ट्राचा विचार करता नाशिकच्या बागेतील नमुना आणि सांगली किंवा सोलापूरच्या बागेतील नमुना हे एकच गृहीत धरता येत नाहीत. प्रतिकार दीर्घकाळ टिकावा म्हणून एकाच वाणात दोन किंवा अधिक जागा एकत्र आणल्या जातात. फ्रान्समध्ये या पद्धतीने तयार केलेले आर्ताबान, विडोक, फ्लोरेयाल आणि व्होल्टिस हे वाइनचे वाण २०१८ मध्ये अधिकृत यादीत आले.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही देशातील या विषयावरील प्रमुख संस्था आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या या केंद्रात देशी-विदेशी वाण व रानटी प्रजातींचा संग्रह असून हवामानावर आधारित रोग व्यवस्थापन आणि रासायनिक अवशेषांची तपासणी हीही तेथील कामे आहेत.

पुण्यातीलच आघारकर संशोधन संस्थेने, जिची मूळ संस्था महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी १९४६ मध्ये स्थापन झाली, एआरआय-५१६ हा संकरित वाण विकसित केला. कटाबा हा लाब्रुस्का वर्गातील अमेरिकन वाण आणि ब्यूटी सीडलेस हा व्हिनिफेरा वाण यांचा तो संकर आहे. साधारण ११० ते १२० दिवसांत तयार होणारा हा वाण बुरशीजन्य रोगांना प्रतिकारक म्हणून शिफारस केलेला असून प्रामुख्याने रस, जॅम आणि वाइन यांसाठी उपयुक्त आहे. ताज्या खाण्याच्या द्राक्षांचा बाजार मात्र लांबट, कुरकुरीत, बिनबियांच्या मण्याला भाव देतो, आणि अमेरिकन प्रजातींपासून आलेला विशिष्ट वास तेथे चालत नाही. युरोपातही एकोणिसाव्या शतकातील संकरित वाणांना वासाच्या याच तक्रारीला तोंड द्यावे लागले होते.

अमेरिकन वंश असला की वाण सर्व रोगांना प्रतिकारक असतो, ही समजूत बेंगलोर ब्लू या वाणाच्या बाबतीत खोटी ठरते. लाब्रुस्का वर्गातील हा वाण करपा रोगाला प्रतिकारक, पण केवड्याला बळी पडणारा म्हणून नोंदवला गेला आहे. प्रत्येक रोगाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे लागते.

असाच एक गैरसमज खुंटाविषयी आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य नव्या बागा डॉगरिज किंवा ११०-आर यांसारख्या अमेरिकन वंशाच्या खुंटांवर कलम केलेल्या आहेत. या खुंटांचा उपयोग पाण्याचा ताण व क्षारता सहन करण्यासाठी होतो. खुंटाच्या पानांत केवड्याचा प्रतिकार असला, तरी तो वर बांधलेल्या थॉमसनच्या पानांत किंवा घडांत उतरत नाही. जोमदार खुंटामुळे पालवी दाट होऊन आत ओल अधिक काळ टिकली, तर रोगाला उलट पोषक वातावरण मिळते. त्यामुळे वाणांची तुलना करताना सर्व वाण एकाच खुंटावर बांधलेले असणे, आणि काड्यांची संख्या व विरळणी सारखी ठेवणे, ही चाचणीची पूर्वअट मानली जाते.